काठवटीतलं कोकरू आणि बेनामी वाइन

माझ्या सख्ख्या भाच्यानं, परागनं, केंब्रिजजवळच्या एका खेड्यात भर दुपारी, भरल्या ताटावर मला फसवलं. माझ्या बागेतली, माझ्या टाकीतली वाइन त्यानं पाहुण्यांना फ्रान्सची म्हणून पाजली. हे आधीच लिहून टाकते, कारण इंग्लंडला जाऊन आलेल्यांची वर्णनं हिरवळीपासून सुरू होतात आणि शेवटपर्यंत हिरवळीवरच लोळत राहतात. हिरवळ मीही पाहिली. निफाड तालुक्यातल्या बाईला हिरवळीचं कौतुक ते किती असणार?

मी द्राक्षवाली. परागची आई माझी थोरली बहीण. ती शिकली आणि पुण्याला गेली. मी महामार्गाच्या कडेला द्राक्षांचे खोके मांडून बसले. ट्रकवाल्यांशी घासाघीस करत एक बाग झाली, मग दुसरी झाली आणि शेवटी वाइनचा छोटा कारखाना. बाग कादवा नदीच्या काठावर, म्हणून बाटलीवर नाव ‘कादवाकाठ’. नाव शोधायला कुणाला फी द्यावी लागली नाही.

पराग गेली बरीच वर्षं इंग्लंडात आहे. फायनान्समध्ये आहे म्हणतो. त्याचा फोन आला. “मावशी, इकडे ये, आणि बाटल्या घेऊनच ये. आमचा इथे वाइन क्लब आहे. क्लबच्या ओळखीचा मार्टिन म्हणून एक आहे, लंडनच्या रेस्टॉरंट्ससाठी वाइन सिलेक्ट करतो. त्याच्या टेबलावर ठेवतो तुझी वाइन.”

हंगाम संपला होता, टाक्या भरल्या होत्या. मार्टिननं हो म्हटलं की लंडनच्या टेबलावर ‘कादवाकाठ’. मी तेवढ्यासाठी गेले. राजवाडे बघायला गेले नव्हते.

वॉटफर्ड

बाटल्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून नेल्या. एकही फुटली नाही. विमानतळावर न्यायला पराग आला होता आणि त्याची बायको रेवा. रेवा नागपूरची, तोंडानं फटकळ, म्हणून मला पहिल्यापासून आवडते. तिच्यासाठी एक पांढरी बाटली वेगळी आणली होती, ती तिनं घरी पोचल्या पोचल्या फ्रीजमध्ये ठेवली.

वॉटफर्ड हे लंडनबाहेरचं गाव. माणसं सकाळी ट्रेननं लंडनला जातात आणि संध्याकाळी तोंड पाडून परत येतात. परागच्या बेसिनला दोन नळ. एकातून हात भाजणारं पाणी, दुसऱ्यातून बर्फ.

“यात तोंड कसं धुवायचं रे?”

“सवय होते, मावशी.”

अर्ध्या जगावर राज्य केलं म्हणे या लोकांनी. दोन पाणी एकत्र करायचं काही जमलं नाही.

बाजारात छत्री घ्यायला गेले. छत्रीवाल्यानं किमतीच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “लिहिलंय तेच, लव्ह.” अनोळखी बाईला ‘लव्ह’ म्हणतो आणि छत्रीवर एक पै सोडत नाही. आमच्याकडे उलटं असतं. आधी दोन शिव्या, मग सूट. मी छत्री उघडली, मिटली, काडी वाकडी आहे म्हणाले, उन्हात धरून भोकं शोधली. ऊन नव्हतंच, पण धरली. शेवटी तो इतका कंटाळला की हातरुमाल फुकट देऊन त्यानं मला वाटेला लावलं. पराग लांब उभा राहून दुसऱ्याच कुणाचा तरी भाचा असल्यासारखा फोन बघत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सुपरमार्केटात मात्र त्याला उत्साह आला. “मावशी, बघ! आपली द्राक्षं!”

प्लॅस्टिकच्या डब्यात द्राक्षं, डब्यावर भारताचं नाव. आमच्याच पट्ट्यातली होती, मणी बघूनच ओळखलं. देठ वाळले होते, म्हणजे बोटीत बरेच दिवस काढलेली. परागनं डबा हातात धरून माझ्याबरोबर फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. ‘प्राउड मोमेंट’ असं खाली लिहिलं. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. नंतर लागेल, म्हणून ठेवला आहे.

पिनर

रविवारी पिनरला क्लबच्या एका मेंबरकडे सगळे जमले. पिनर म्हणजे कापलेली कुंपणं आणि धुतलेल्या गाड्या. घर आपल्या माणसांचंच, समोर भडंगाची वाटी, आणि प्रत्येकजण हातातला ग्लास असा गरगरा फिरवतोय की रवी लावून ताकच घुसळतोय. एक म्हणाले, “मला ओल्या दगडाचा वास येतोय.” दुसऱ्याला पेन्सिलीचा आला. मी इतकी वर्षं वाइन करते, माझ्या टाकीत कुणी पेन्सिल टाकली असती तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

आणि सगळे परागला ‘पॅरी’ म्हणत होते.

“हे पॅरी कोण?” मी रेवाला विचारलं.

“तुमचा भाचा,” ती भडंग खात म्हणाली. “ऑफिसमध्ये पॅरी, क्लबमध्ये पॅरी. कौन्सिलच्या फॉर्मवर तेवढा पराग. तिथे पासपोर्ट बघतात.”

तिथेच ठरलं. केंब्रिजजवळ किर्स्ती नावाची एक फिनलंडची बाई राहते. ती ऑर्डर दिली तर फिनलंडच्या पूर्व भागातलं एक जुनं जेवण करते, तासन्‌तास भाजलेलं कोकराचं मटण. त्या मटणाबरोबर कुठली वाइन जुळते ते क्लबनं ठरवायचं, आणि मार्टिनलाही बोलवायचं.

“मावशी, तुझी शिराज ठेवू,” पराग म्हणाला. “लॅम्बबरोबर रेडच. नियम आहे.”

नियम कुणी केला, ते त्याला माहीत नव्हतं.

केंब्रिजजवळचं खेडं

सकाळी लवकर निघालो, कारण मटण पहाटेच भट्टीत जातं. केंब्रिज वाटेत लागलं. जुने दगड आणि सायकली. विद्वान माणसं सायकलवरून जाताना घंटी वाजवत नाहीत, अंगावर येतात आणि मग ‘सॉरी’ म्हणतात. या देशात ‘सॉरी’ धक्का मारल्यावर म्हणायचं असतं, मारण्याआधी विचार करायचा नसतो.

किर्स्ती सत्तरीची, ताडमाड उंच. आयुष्यभर दातांची डॉक्टर होती. इंग्रजांचे दात बघून बघून तिला त्यांच्याबद्दल फारसं प्रेम उरलेलं नव्हतं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. तिच्या परसात विटांची भट्टी आहे. आत बघितलं आणि मी हसलेच. मटण लोखंडाच्या भांड्यात नव्हतं. लाकूड कोरून केलेल्या लांबट, उथळ काठवटीत होतं! आमच्याकडे भाकरीचं पीठ मळायला असते तशीच, फक्त माणूस झोपेल एवढी लांब.

“जळत नाही?”

“रात्रभर पाण्यात भिजवते,” किर्स्ती म्हणाली. “बर्चचं लाकूड. त्या लाकडाचाच वास मटणाला लागतो. भांड्याचं नाव सॅरा, जेवणाचं नावही सॅरा.”

“मसाला?”

“मीठ.”

“आणि?”

“आणि काही नाही. मीठ, आग, वेळ.”

मी काळ्या मसाल्यावर वाढलेली बाई. हे ऐकून आधी तिची कीवच आली. पण मटणाची चरबी काठवटीत उतरत होती आणि तिच्यात बटाटे सोनेरी होत होते, धूर चढत होता. तिनं कडेचा एक तुकडा काढून हातावर ठेवला. मऊ, खारट, धुराचा, आणि जिभेवर चरबीचा जाड थर. तो थर काही उतरेना. मग तिनं फ्रीजमधून मातीचा जग आणला आणि पेल्यात पांढरं काहीतरी ओतलं.

“आंबट दूध. आमच्याकडे सॅराबरोबर हेच पितात. हे, नाहीतर घरची पातळ बिअर. सोबत जवाची भाकरी.”

मटणावर दूध! आमच्याकडे अशा बाईला घरातल्या म्हाताऱ्यांनी दारात उभं केलं नसतं. विरुद्ध अन्न, अंगावर चट्टे येतील, वगैरे. मी नाक धरून एक घोट घेतला. ताकच होतं, दाट आणि सणसणीत आंबट. आणि जिभेवरचा चरबीचा थर असा निघाला, जसा राखेनं तवा निघतो. पुढचा घास मागायला जीभ तयार.

मला तिथेच कळलं. या मटणाला शिराज मारून टाकेल. शिराज तिखट, तुरट, लाकडात मुरलेली. मटण आधीच लाकडात. लाकडावर लाकूड कोण खातं? इथे पाहिजे आंबट, थंड, पातळ. ताकाचं काम करणारी. म्हणजे माझी पांढरी, शेनिन. त्या वर्षी मी घड जरा आधी उतरवून घेतले होते, आंबटपणा राखायला. शेजारचे बागवाले हसले होते.

“पराग, लाल बाटल्या गाडीतच राहू दे. पांढऱ्या बर्फात घाल.”

“मावशी, प्लीज. लॅम्बबरोबर व्हाइट? मार्टिन काय म्हणेल?”

“मार्टिन काय म्हणेल ते मार्टिन म्हणेल. तू बर्फ आण.”

तो हलेना. मग मी भांडण सोडलं आणि धंदा केला. एक बाटली थंड केली, उघडली, आणि किर्स्तीला मटणाच्या तुकड्याबरोबर अर्धा ग्लास दिला. तिनं ग्लास फिरवला नाही, हुंगला नाही. खाल्लं, प्याली, आणखी एक तुकडा खाल्ला, आणखी एक घोट. मग तिनं आंबट दुधाचा जग उचलला आणि परत फ्रीजमध्ये ठेवून दार लावलं.

“ठीक आहे,” पराग म्हणाला. “पण सर्व्हिंग मी बघतो. तू आरामात बस. तू गेस्ट आहेस.”

मला वाटलं, पोरगं मावशीला मान देतंय.

पाहुणे आले. पिनरचीच मंडळी आणि मार्टिन, लांब बोटांचा, हळू बोलणारा. परागनं आत स्वयंपाकघरात बाटल्या उघडून काचेच्या जगांत ओतल्या आणि जग बाहेर आणले. मी विचारलं, बाटली का नाही टेबलावर? “इथे अशीच पद्धत आहे, वाइनला हवा लागते.” पांढऱ्या वाइनला कसली हवा? पण परक्या मुलखात आपण पद्धतीला मान देतो. इथेच माणूस नागवला जातो.

काठवट दोघांनी उचलून टेबलावर आणली. त्यानंतर किर्स्ती बसली नाही. तिचा नियम, की पहिलं वाढून झालं की उरलेलं थाळ्यांत काढायचं आणि काठवट गरम असतानाच आत नेऊन घासायची, नाहीतर चरबी लाकडात मुरून खवट होते. काठवटीचं दुसरं टोक धरून रेवाही तिच्याबरोबर आत गेली, आणि सकाळी माझी बाटली डोळ्यांनी पाहिलेल्या दोन्ही साक्षीदार गेल्या.

मार्टिननं घास घेतला. घोट घेतला. डोळे मिटले. परत घोट घेतला. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते, खोटं कशाला सांगू.

“कमाल आहे,” तो म्हणाला. “कोकराबरोबर व्हाइट. आणि इतकी अचूक. कुणाची कल्पना?”

पराग नुसता हसला. हसणं फार उपयोगी असतं, त्यात सही करावी लागत नाही.

“लुआरची आहे ना?” मार्टिन म्हणाला. लुआर ही फ्रान्समधली नदी, शेनिन मूळची तिथली.

आता बघा. इथे फक्त एक ‘नाही’ म्हणायचं होतं. एवढं हलकं काम. माझ्या भाच्यानं काय म्हणावं?

“वेल स्पॉटेड,” पॅरी म्हणाला, म्हणजे अचूक ओळखलंत. “छोटं कुटुंब आहे. नदीकाठीच. एक बाई चालवते.”

माझी कादवा त्यानं एका वाक्यात फ्रान्सच्या नदीत बुडवली. बाई तेवढी ठेवली, गंमत म्हणून.

मला इंग्रजी भांडणापुरतं येतं. मी उठले. “धिस इज माय वाइन. नाशिक. माय फार्म.”

सगळे माझ्याकडे बघून गोड हसले. मार्टिननं परागकडे पाहिलं. सगळं त्या एका मानेवर होतं, ती वर-खाली हलते की नाही यावर.

“मावशीच्या पण द्राक्षबागा आहेत,” पराग त्याला इंग्रजीत म्हणाला. “तिला फार अभिमान आहे.”

“हाउ लव्हली,” मार्टिन म्हणाला.

‘हाउ लव्हली’ म्हणजे काय, ते न गेलेल्यांसाठी सांगते. त्याचा अर्थ, आम्ही ऐकलं नाही, तुम्ही बसा.

मी बसले नाही. परागच्या कोटातून किल्ली काढली, गाडीच्या डिकीतून शिराजची बाटली आणली आणि मार्टिनच्या समोर आपटली. “सेम. सेम फार्म. दॅट अँड दिस.”

त्यानं लेबल वाचलं. बाटली फिरवून मागचंही वाचलं, त्याला शिष्टाचार चांगले होते. “इंडिया! किती इंटरेस्टिंग. कधीतरी ट्राय करायला हवी.” आणि बाटली न उघडता, बटाट्यांच्या थाळीपलीकडे सरकवून, त्यानं काचेच्या जगातली माझीच वाइन आणखी एक ग्लास ओतून घेतली.

मग माझा तोल गेला. परागला मी जे बोलले ते मराठीत बोलले, आणि ते सगळं इथे छापता येणार नाही. “परग्या, तोंडात बोळा कोंबलाय का? तुझी जीभ झडली का? सांग त्यांना, आत्ता सांग!” पिनरची मंडळी ताटात बघू लागली. त्यांना शब्दन् शब्द कळत होता. एकही बोलला नाही. ओल्या दगडाचा वास घेणारी नाकं ती, पण शेजारच्या खुर्चीवर खोटं बसलंय, त्याचा वास कुणाला आला नाही.

“काय म्हणतात त्या?” मार्टिननं विचारलं.

“म्हणतेय,” पराग म्हणाला, “या मटणानं तिला घरची आठवण आली. ती जरा इमोशनल झालीय.”

त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी, उभं राहून.

मी आत गेले. रेवानं एक टोक धरलं होतं आणि किर्स्ती कोपरापर्यंत गरम पाण्यात हात घालून काठवट घासत होती. तिला सांगितलं. तिनं घासणी खाली ठेवली, हात पुसले आणि बाहेर निघाली, पण तोवर मार्टिनची गाडी फाटकाबाहेर वळत होती.

“मला आधी का नाही हाक मारलीस?” ती म्हणाली. “मी बोलले असते. मला दोन मिनिटं लागली असती.”

तेवढं मात्र मला लागलं. लेबलाच्या रिकाम्या बाटल्या तिथेच आत होत्या, त्याही मला सुचल्या नाहीत. रागाला अक्कल नसते.

परतीच्या वाटेवर

गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर पराग म्हणाला, “मावशी, बघितलंस ना? लेबल वाचून त्यानं बाटली कशी बाजूला केली? मी आधी लेबल दाखवलं असतं तर त्यानं ती व्हाइटसुद्धा तशीच सरकवली असती. मी तुझी वाइन त्याच्या पोटात तर घातली!”

“पोटात घातलीस. नावाशिवाय.”

“नाव नंतर सांगणार आहे. टायमिंग बघून. आणि हे मी तुझ्याकडूनच शिकलोय. तूच सांगायचीस, हायवेवर गाडी थांबली की आधी द्राक्ष हातावर ठेवायचं, भाव मागून सांगायचा.”

हे त्यानं बरोबर लक्षात ठेवलं. लहानपणी सुट्टीत यायचा तेव्हा माझ्याजवळ खोक्यावर बसायचा आणि मणी खायचा.

“भाव मागून,” मी म्हणाले. “पण खोके माझे होते आणि खोक्यांमागे मी बसलेली दिसत होते. ही द्राक्षं सांगलीची आहेत असं सांगून मी एक मणी विकला नाही. मार्टिननं नाक मुरडलं तर ते त्याचं नाक. तो परका. त्यानं विचारलं होतं, आपणहून विचारलं होतं, कुठली आहे. तेव्हा तू काय केलंस?”

“तुला इथलं कळत नाही, मावशी.”

“सुपरमार्केटात फोटो काढलास तेव्हा कळत होतं? डब्यावर भारत चालतो, बाटलीवर नाही चालत?”

पुढच्या सीटवरून रेवा न वळता म्हणाली, “मावशी, जाऊ द्या. ज्याला स्वतःचं नाव ऑफिसात नेता आलं नाही, तो तुमचं कुठे नेणार?”

वॉटफर्डपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवळ होती. वर्णनात हवी असते, म्हणून नोंदवते.

निघायच्या दिवसापर्यंत मी वाट पाहिली. परागनं मार्टिनला फोन केला नाही. मार्टिनचा मात्र त्याला आला. मी शेजारच्या खोलीत होते, फोन स्पीकरवर होता. त्याला ती ‘लुआरची’ वाइन आणखी हवी होती, रेस्टॉरंटवाल्यांना चाखवायला. आणि पांढरी वाइन कोकराशी जुळवण्याची पॅरीची कल्पना त्यानं चार जणांना सांगितली होती. पॅरी थँक्यू म्हणाला.

तर, पराग, हे तुझ्यासाठी. हा अंक तुझ्या आईकडे पुण्याला दरवेळी येतो आणि ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, तुला माहीत आहे. तिला मी तोंडानं काही सांगितलेलं नाही. रेवासाठी आणलेली पांढरी बाटली रेवानं उघडली नाही. माझ्यासमोर ती तुमच्या फ्रीजच्या दारात उभी केली, लेबल बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे दूध काढायला गेलास की रोज दिसेल. त्याच माणसांना परत बोलाव. किर्स्तीला सांग, काठवट भिजत घाल. त्या वेळी ती बाटली काचेच्या जगात ओतायची नाही, टेबलावर मधोमध ठेवायची. मार्टिन परत विचारेल, कुठली आहे. फ्रान्समध्ये मला एक वेल दाखव माझी, नाहीतर त्याला उत्तर दे. मी निफाडला बसून ऐकते आहे.